तळघराच्या जिन्याची शेवटची पायरी

अशी लांब नको बसूस गं, खुर्ची ओढ इकडे. आणि आधी खरं सांग, मागच्या आठवड्यात पडलीस ना? गुडघ्याला हळद लावलीस आणि घरात कुणाला बोलली नाहीस. आपल्या बायकांची ही खोड काही जात नाही. मलाही होती, म्हणून तर रागावते आहे. माझं काय झालं ते नीट ऐक.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर." माझा चेहरा पाहून त्यांनी ते सोपं केलं. मांडीचं हाड वर खुब्यात जिथे बसतं, तिथे त्याला मान असते. माझ्या डाव्या पायाची ती मान मोडली होती.

"कुठे पडलात?"

"घरी, न्हाणीघरात," मी म्हटलं. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

ते खोटं होतं. मी पडले होते आदल्या दिवशी, माझ्या मुलाच्या लग्नात, राजाजीनगरच्या एका कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात. आपल्या बेंगळुरात पंगत बहुतेक तळघरात बसते, ठाऊक आहे तुला. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन जिना उतरत होते. दिवा गेलेला, धरायला कठडा नाही, आणि शेवटच्या पायरीची कड तुटलेली. पाय गेला आणि मी डाव्या कुशीवर आपटले.

माझ्यामागे फक्त नवी सून होती, विद्या. मुंडावळ्यांसकट धावत आली. मी तिला म्हटलं, "कुणाला सांगू नकोस." कारण पंगतीत माझ्या नणंदबाई बसल्या होत्या. सासू मांडवात पडली म्हटल्यावर त्या सुनेचा पायगुण काढणार, आणि तो त्या पोरीला जन्मभर चिकटणार. म्हणून मी लंगडत जेवायला बसले, लंगडतच घरी आले, सुनेला माप ओलांडायला लावून आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायच उचलेना. तेव्हा न्हाणीघराचं निमित्त सांगितलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, मोडलेल्या हाडाची टोकं कधीकधी एकमेकांत रुतून बसतात, म्हणून माणूस चालू शकतो. त्याला ते इम्पॅक्टेड म्हणतात. तेव्हाच आल्या असतात तर कदाचित स्क्रूंवर भागलं असतं. चालल्यामुळे ते सरकलं. आता हेमिआर्थ्रोप्लास्टी करावी लागली, म्हणजे हाडाचा मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. पडल्यावर जांघेत दुखलं तर पाय टेकू नकोस, आडवी पड, एक्स-रेचा फोटो काढून घे. एवढं तरी लक्षात ठेव.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. फिजिओथेरपीवाली, म्हणजे व्यायाम करून घेणारी, रोज म्हणायची, "स्वल्प अजून, अक्का." मी चार पावलं जास्तच टाकायची. पुन्हा चालणार याची मला खात्री होती.

पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर गौरम्मा आली. लग्नांत स्वयंपाक करणारी, माझ्याच वयाची. उजवं मनगट मोडलेलं, आत प्लेट घालायची होती. मी विचारलं, "कुठे पडलात?"

"मंटपात, अक्का. सारूचं, आमटीचं पातेलं घेऊन उतरत होते. तळघराच्या जिन्याची शेवटची पायरी."

मी मंटपाचं नाव विचारलं. मंटप तोच होता. मालक तिला म्हणाले होते, इतकी वर्षं कुणी पडलं नाही, तुझंच लक्ष नव्हतं. ती कण्हत म्हणाली, "या हातानेच तर माझं पोट चालतं." मी तोंड उघडलं असतं तर ती पायरी कुणी तरी बघितली असती.

आमच्या गल्लीतल्या वकीलबाई संध्याकाळी मऊ इडल्या घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अक्का, मंटप भाड्याने देणारा नुसत्या भिंती देत नाही. आत बोलावलेल्या माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी घेणं मालकाचं काम आहे. पायरी दुरुस्त करायची, नाही तर निदान आडवं फळकूट लावायचं."

"मी पाहुणी. ही तर कामाला आलेली."

"दोघींनाही लागू आहे. पण पायरी तुटल्याचं त्यांना आधी माहीत होतं, हे दाखवता आलं तर दाव्याला बळकटी येते. आणि तुमच्या कागदावर तर न्हाणीघर आहे."

विद्या मोसंबी सोलत होती. सासूला कानडीत म्हणतात तसं ती मला अत्ते म्हणते. खाली मान घालून म्हणाली, "अत्ते, रागावू नका. मी त्याच दिवशी जेवण झाल्यावर मंटपाच्या मॅनेजरला सांगितलं होतं. अत्ते पडल्या, पायरी तुटली आहे, दिवा लावा. त्याने 'सरी अम्मा' म्हणून होकार दिला. लिहून द्यायला मी तयार आहे."

नेमक्या नणंदबाई खाटेशी उभ्या होत्या. "म्हणजे लग्नातच पडलीस? मला वाटलंच, नव्या मुलीचा पाय..."

"वन्सं," मी म्हटलं, "पाय माझा, पायरी मालकांची. यात सुनेचा पाय कुठून आला?"

गौरम्माला तेवढं मराठी कळलं असावं. ती एवढ्या दुखण्यातही हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "जुनं खोडणार नाही. खाली आजची तारीख घालून तुम्ही सांगता तसं लिहितो, सही करा." मग म्हणाले, "डॉक्टरला तरी खरं सांगत जा, अम्मा." मी सही केली.

वकीलबाईंनी आम्हा दोघींच्या वतीने नोटीस पाठवली. मालक फळं घेऊन वॉर्डात आले. "अक्का, आपण ओळखीची माणसं, कागद कशाला? चष्मा घातला असतात तर दिसली असती पायरी."

"चष्मा नव्हता, अण्णा, खरं आहे. तेवढी चूक माझी. पण अंधारात चष्म्याने काय दिसणार? आणि गौरम्माला तर तुमच्या मॅनेजरला कळल्यानंतर लागलं."

त्यांनी विद्याने लिहून दिलेलं वाचलं. मग खुर्ची फिरवून गौरम्माच्या खाटेकडे तोंड केलं आणि प्रथमच तिला विचारलं, हात कसा आहे. तिच्या उपचाराची आणि बसून राहिलेल्या दिवसांची जबाबदारी त्यांनी लेखी घेतली. माझ्यासाठी मी एकच मागितलं, पुढच्या लग्नाआधी कठडा.

दोन महिन्यांनी काठी टेकत मी तो जिना उतरून आले. पायरी नवी, दिवा लागलेला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. खाली गौरम्मा डाव्या हाताने डाव हलवत होती, उजव्याने मीठ टाकत होती.

तेव्हापासून मला घरचं अगत्य वेगळंच कळतं. पाहुण्याला पाट मांडतो, पण तो ज्या पायऱ्या चढून येतो त्या कोण बघतं? आमच्या अंगणातली हौदाजवळची फरशी किती वर्षं शेवाळलेली होती. वर भाडेकरू राहतात, त्यांची मुलं तिथूनच पळतात. घरमालकीण मीच. ती खरवडून घेतली, दाराशी कठडाही बसवला.

आता तू उद्याच फोटो काढून घे. आणि रिपोर्ट घेऊन लवकर ये आमच्याकडे. विद्या तांबडी चटणी घालून डोसे करते. येताना कठडा धरून चढ, आणि कुठे काही हलतंय वाटलं तर आधी मला सांग, मग चहा.