आईने हलवलेलं दार

आई काल सकाळी गेली.

भेटायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "घरीच असायच्या ना त्या?"

नाही हो काका. ती घरं डिझाइन करायची. त्यातली बरीच अजून उभी आहेत, लोक राहतात त्यात.

लग्नाआधी पुण्यात तिने ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. वर्गात ती एकटीच मुलगी. थोडे दिवस नोकरीही केली.
मग लग्न, नगर, मी, माझा भाऊ. नकाशे काढायचा तिचा टी-स्क्वेअर माळ्यावर गेला.

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी भाऊ शाळेत जायला लागला आणि आईने टी-स्क्वेअर खाली काढला.

दादा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात मास्तर. ते नको म्हणाले नाहीत. "दुपारच्या चहाचं काय?" एवढंच विचारलं.
आई म्हणाली, "स्टोव्ह तुमच्या हातानेही पेटतो."
विषय संपला.

नोकरी मिळणं मात्र सोपं नव्हतं. ती फूट-इंचात शिकलेली, आता मीटर आले होते. हाताची सवयही गेली होती. आम्ही शाळेत गेलो की पाटावर कागद लावून नुसत्या रेघा मारत बसायची.

शेवटी एका इंजिनिअर साहेबांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. ऑफिसात बाकी सगळे पुरुष. "बाई, तुमचं अक्षर छान आहे," म्हणून दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर 'बेडरूम', 'संडास' असली नावं लिहायचं काम दिलं.
बोली संपत आली तेव्हा कुठे एक अख्खं घर तिच्या वाट्याला आलं. हे जमलं तर नोकरी पक्की.

घर सुप्याच्या पुढच्या एका गावात. मालकांना सगळे तात्या म्हणायचे. शेती होती, कांद्याचा व्यापार होता, मोठं कुटुंब.

आईने जीव ओतून प्लॅन काढला. पुढचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एका रेषेत, म्हणजे वारा आरपार. आत उभ्याने स्वयंपाक करायचा नवा ओटा.
तात्या खूश. "वसरीवर बसलं की पार परसापातुर दिसतंय!"
साहेब खूश. आई तर विचारूच नका.

भिंती कमरेएवढ्या आल्या, चौकटी उभ्या राहिल्या, तेव्हा ती एसटीने बघायला गेली.
तात्यांची धाकटी सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. स्वयंपाकघराच्या जागेत उभी राहून समोर ओसरीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"बाई, मामंजी तितंच बसनार न्हवं?"

"हो. का गं?"

"मंग म्या कवा बसायचं?"

आईला आधी कळेचना. मग कळलं.
त्या घरात सासऱ्यांसमोर सून बसत नसे. तात्या दिवसभर ओसरीवर असणार. नजर सरळ आत.

"भाकरी थापायची उब्यानं, आन् खायची बी उब्यानंच व्हय?"

"सासूबाईंना सांगितलंस?"

"नगं बाई! माझं नाव काडू नका. लई बोलत्याल."

आई म्हणायची, परतीच्या एसटीत तिला स्वतःचीच लाज वाटत होती. वाऱ्याचा विचार केला, बाईचा केलाच नाही, आणि तेही मी बाई असून!

गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं, "दार हलवावं लागेल."
"तक्रार आलीय?"
"नाही."
"मग?"
"माझी चूक आहे."

खरं कारण तिने साहेबांनाही सांगितलं नाही. तोंडातून निघालेली गोष्ट गावात पोचायला वेळ लागत नाही. ऑफिसातल्या मंडळींची मात्र चंगळ झाली. पुढचे काही दिवस कुणीही आत आलं की, "बाईंना विचारा, दार कुठंय!"

तात्यांसमोरही तिने हेच सांगितलं. चूक माझी, स्वयंपाकघराचं दार बाजूच्या भिंतीत घ्यायला हवं, नाहीतर फोडणीचा ठसका ओसरीवर येईल.
तात्या गवंड्यांसमोर म्हणाले, "बाईमानसाच्या हाती काम दिलं की आसंच हुतंय."

आईने ऐकून घेतलं आणि गवंड्यांना नव्या दाराची खूण करून दिली. (ज्यांनी आमच्या आईच्या तोंडाचा पट्टा ऐकलाय त्यांना कळेल, हे किती अवघड गेलं असेल.)
सून कोपऱ्यात खाली मान घालून उभी होती.

दार हललं. नोकरी पक्की झाली नाही. "अजून थोडे दिवस बघू," म्हणत साहेबांनी आईला परत नावं लिहायला बसवलं. पुढचं घर मिळायला दुष्काळ सरावा लागला.

मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, "राग नाही आला?"
"आला की. अजून येतो. पण दार बरोबर झालं."

त्यानंतर प्रत्येक घराचा कागद लावण्याआधी ती तिथल्या बायकांना विचारायची, "तुमच्यात कोण कुणासमोर बसत नाही?" पुरुष चक्रावायचे. बायका पटकन सांगायच्या. पुढे तिने स्वतःचं ऑफिस काढलं, तेही याच प्रश्नावर चाललं असं माझं मत आहे.

काल दुपारी, तिला न्यायच्या आधी, एक म्हाताऱ्या बाई नातवाच्या गाडीतून आल्या. मी ओळखलं नाही. त्यांनीच गावाचं नाव सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं.
आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तिच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"तुज्या आईनं माझ्यापायी बोलनी खाल्ली, पोरी. माझं नाव काडलं न्हाई."

आईकडे बघून म्हणाल्या,

"त्या घरात म्या रोज बसून जेवले."

मला रडू तेव्हा आलं. तोवर आलं नव्हतं.

आई, तुला नमस्कार. आता तूही जरा बस.