वीज गेल्यावर भरणारी शाळा

ज्या बाईने पन्नाशीपर्यंत वाणसामानाची यादी आणि नातलगांची खुशालीची पत्रे यांपलीकडे काही लिहिले नाही, तिने आता वाचकांचा वेळ मागावा, याचा मला स्वतःलाच संकोच वाटतो. या आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. सांगायचे आहे तेही फार मोठे नाही. माझी मुलगी सातवीचे वर्ष घरी कशी शिकली, एवढेच.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. आम्ही भिवंडीत कामतघरला राहत होतो. शाळा सुरू होण्याच्या आठवड्यातच जिन्यावरून पडून मुलीच्या मांडीचे हाड मोडले. एक शस्त्रक्रिया झाली, ती पुन्हा करावी लागली, आणि वर्षभर शाळेचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले. मुख्याध्यापिकाबाईंनी सारे सहानुभूतीने ऐकून घेतले आणि अट सांगितली. वार्षिक परीक्षेत सर्व विषयांत उत्तीर्ण झाली तर आठवीत, एरवी पुन्हा सातवी. पायाच्या दुखण्याबद्दल मुलगी फारशी बोलत नसे. आपल्या बाकावरची मैत्रीण पुढे जाणार आणि आपण धाकट्या मुलींत बसणार, या विचाराने मात्र ती भिंतीकडे तोंड करून रडे.

शिकवणीचे एक सर येऊन गेले. आमच्या खोल्या यंत्रमागांच्या शेडच्या वर होत्या. खालचे माग चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. सर अर्धा तास ओरडले, चहा प्याले आणि पुन्हा आले नाहीत. उरले मी. माझे शिक्षण कला शाखेतले. विज्ञानाशी आणि भूमितीशी दहावीनंतर माझी गाठ पडली नव्हती.

इंटरनेटवर सगळे फुकट मिळते, असे यजमान कोणाकडून तरी ऐकून आले. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेसमोरून मी दोन दिवस नुसती ये-जा केली. आतल्या पडदे लावलेल्या कप्प्यांबद्दल लोक बरे बोलत नसत. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या दाढीच्या मालकांनीच दार उघडून दाराजवळची मोकळी खुर्ची दाखवली. त्यांनी दाखवलेल्या चौकटीत मी इंग्रजीत एक विनंतीवजा संपूर्ण वाक्य टंकित केले, ‘कृपया’ या शब्दासह: सातवीच्या मुलीसाठी विज्ञानाचे विनामूल्य धडे द्यावेत.

आणि ते मिळाले; पुढे गणिताचेही. परदेशात अशी पुष्कळ कुटुंबे होती, जी मुलांना आपल्या मर्जीने घरीच शिकवत आणि तयार केलेले धडे इतरांसाठी तसेच मांडून ठेवत. त्या अनोळखी बायकांनी स्वयंपाकघरात केलेले प्रयोग वाचताना मला फार धीर आला. त्यांच्या उदाहरणांत बर्फाचे बाहुले असत; मी तिथे कुल्फी घातली. त्यांची मापे फूट-इंचांत असत, ती मी मीटरमध्ये आणली. सगळे धडे मी वहीत मराठीतून उतरवून घेई.

अडचण एकच होती. वीज असली की कॅफे चाले, पण तेव्हा खाली मागही चालत आणि घरात शिकवणे अशक्य होई. वीज गेली की माग थांबत आणि आवाज पोहोचे, पण तेव्हा कॅफेही बंद. म्हणून आमचे वेळापत्रक भारनियमनाने ठरवले. वीज असताना मी शिकायचे, वीज गेल्यावर मुलीने. माग थांबले की ती वही उघडून तयार बसे. वीज जावी म्हणून वाट पाहणारे सबंध भिवंडीत आमचेच घर असावे. अंबाडी गावाहून आलेल्या नणंदबाईंनी हा प्रकार दोन दिवस पाहिला आणि मग म्हणाल्या, “वयनी, लाईट गेल्यावर भरणारी शाला मी कंदी न्हाय बगली. पोरगी पास झाली तर मलापन बसव.”

त्या धड्यांतली एक शिस्त मला विशेष आवडली होती. प्रत्येक भाग संपला की खाली एक छोटी सूचना असे, आणि ती मी इमानाने वहीत उतरवी: ‘पुन्हा वर जा.’ मुलगीही प्रत्येक वेळी पुन्हा वर जाई आणि तो भाग पहिल्यापासून वाचे. पुढे जानेवारीत एकदा मालक माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्या ओळीवर बोट ठेवून ते अगदी हळू म्हणाले, “भाभी, ये पढ़ने का नहीं है, दबाने का है.” त्यांनी ती दाबली आणि पडद्यावरचे पान सर्रकन वर गेले.

जिला एवढेही कळले नाही, तिने आणखी काय काय चुकीचे शिकवले असेल? घरी येऊन मी मुलीसमोर कबुली दिली. तिने सात वह्यांकडे पाहिले.

“म्हणजे मी सगळं उगाच दोनदा वाचलं?”

“हो.”

“तरीच पाठ झालं,” ती म्हणाली. “बाकीच्यांना सांगू नकोस हं आई.”

त्यानंतर तीच मला प्रत्येक भागाखाली ती ओळ लिहायला लावी.

परीक्षेला ती कुबड्या घेऊन रिक्षाने गेली. बाईंनी तिच्यासाठी तळमजल्यावरच्या वर्गात खिडकीजवळ बाक ठेवला होता. निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक तिनेच उघडले. विज्ञान उत्तम, गणित चांगले, भूमितीची प्रमेये तर शब्दशः बरोबर, असे बाई म्हणाल्या. मराठीवर मात्र बाईंचे बोट थांबले. ती जेमतेम उत्तीर्ण झाली होती. मी मराठी घेऊन एम.ए. झाले आहे, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसू आवरले आणि आठवीच्या यादीत मुलीचे नाव लिहिले. बाहेर तिची मैत्रीण वाट पाहत होती. कुबड्या सावरत मुलगी जी तिच्याकडे निघाली, तिने मागे वळून पाहिले नाही.

मराठी काय, घरचाच विषय, केव्हाही होईल, असे म्हणत मी ते पुस्तक वर्षभर उघडलेच नव्हते. मी विज्ञानापासून सुरुवात केली. असे वर्ष तुमच्या घरी आले असते, तर तुम्ही कोणत्या विषयापासून केली असती?