उभ्या गोरखचं बसणं

माझ्या धाकट्या भावाचे केस अगदी अलीकडेपर्यंत एकाही न्हाव्याने एका बैठकीत कापलेले नव्हते. अर्धे कापून झाले की गोरख मानेभोवतीच्या फडक्यासकट उठायचा, विहिरीपर्यंत जाऊन यायचा आणि मग उरलेल्या डोक्यासाठी बसायचा. उत्रोलीत त्याला सगळे ‘उभा गोरख’ म्हणतात. रात्रीच्या जेवणात तो दोनदा ताटावरून उठायचा, भजन रंगात आलं की हा देवळाबाहेर, आणि टीव्ही बघायचा तो दाराच्या चौकटीला टेकून. सकाळी फारसं काही नसायचं. दिवस कलला आणि हा बसला, की याचे पाय सुरू.

लहानपणी पंगतीत पाय हलवले म्हणून आईने त्याच्या मांडीवर किती चापट्या मारल्या असतील! बसल्या बसल्या पाय हलवले की घरात दळिद्र येतं, असं ती म्हणायची. दळिद्र आमच्या घरात आधीच पाय पसरून बसलेलं होतं, त्याला गोरखच्या आमंत्रणाची गरज नव्हती. पण मार खाऊन त्याने पाय हलवणं सोडलं आणि उठून चालायला लागला. लोक म्हणाले, स्वभावच उतावळा. मी रतन, त्याची थोरली बहीण. भोरला दिलेली, अंगणवाडीत जन्म गेलेला, त्यामुळे दिसेल त्याला ‘बस खाली’ म्हणायची सवय. गोरखला ते सांगून सांगून माझी जीभ झिजली.

एकच जागा अशी होती, जिथे हा तासन्‌तास बसायचा. ती म्हणजे त्याची भातगिरणी. वेल्ह्याकडून भाताचे टेम्पो आले की गिरणी दिवेलागणीनंतरही चालायची. जमीन थरथरायची, वरचा पत्रा थरथरायचा, आणि त्या गदारोळात गोरख पोत्यावर मांडी घालून निवांत डबा खायचा. आम्ही म्हणायचो, काय ती कामाची आवड!

मग त्याच्या एकुलत्या लेकीचं, शेफालीचं, कामथडीच्या सार्थकशी जमलं. सुपारी फोडायला आम्ही कामथडीला गेलो, तेव्हा संध्याकाळ झाली होती. सतरंजीवर दोन्हीकडची माणसं दाटीवाटीने बसलेली. मुलाचे आजोबा चिमाजीआबा यांनी सुपारी हातात घेतली, सगळे गप्प झाले, आणि नेमका तेव्हाच मुलीचा बाप उठला आणि माणसांच्या मांड्या चुकवत थेट बाहेर गेला. खिडकीतून पाहते तर हा गोठ्यासमोर येरझारा घालतोय.

आबांचा चेहरा लाल झाला. “पोरीच्या बापाला आमचं घर टोचतंय व्हय?”

“आबा, घर न्हाई हो, त्याचे पाय टोचतायत,” मी म्हणाले. खुलासा कुणाला पटला नाही, पण पोरापोरीने आधीच एकमेकांना पसंत केलेलं असल्यामुळे सुपारी फुटली. निघताना मात्र आबांनी अट घातली. “कन्यादानाला चुलत्याला बसवा. पाटावरनं बाप उठून गेला, तर ते पोरीच्या संसाराला बरं न्हाई.”

चुलता म्हणजे आमचं तिसरं भावंड, ज्ञानू. तो बिचारा मान खाली घालून उभा. गोरख म्हणाला, “बराबर हाय आबांचं.”

घरी आल्यावर शेफालीने अंबाडा सोडला आणि तोंडही सोडलं. “तात्या बसणार नसंल तर म्या बी पाटावर बसणार न्हाई. चुलत्यानं द्यायला मला काय बाप न्हाई?”

“आगं, आन्‌ म्या मधीच उठलो तर? लोकांनी तुला बोल लावलेला मला चालंल का?” गोरख एवढंच बोलला आणि उठून अंगणात फेऱ्या मारू लागला. लेक जन्मल्यापासून हा माणूस त्या एका ओंजळीची वाट बघत होता, आणि त्याचेच पाय त्याला तिथवर पोचू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून भोरला डॉक्टर सौदामिनींकडे नेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पाय दुखतात, की हलवावेसे वाटतात?”

गोरखने चमकून वर पाहिलं. हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “दुकत न्हाईत ओ. आतनं कोन तरी दोरी ओढतंय असं वाटतं. चाललं की सोडतंय, बसलं की पुन्ना ओढतंय.”

“हा स्वभाव नाही, आजार आहे. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, आणि तुम्ही एकटे नाही,” डॉक्टर म्हणाल्या. रक्त तपासलं, तर लोह बरंच कमी. गोळ्या लिहून दिल्या आणि गोळीच्या मागेपुढे चहा घ्यायचा नाही असं बजावलं. हे ऐकून गोरखला आजारापेक्षा उपचारच भारी वाटला. गुण यायला मात्र महिने लागतील म्हणाल्या, आणि लग्न तर तोंडावर आलेलं.

“कुठे बसल्यावर बरं वाटतं का?”

“गिरणीत,” मीच म्हणाले आणि म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात उजेड पडला.

डॉक्टर हसल्या. “थरथरीने काहींना आराम पडतो. सगळ्यांना नाही. पण करून बघायला हरकत नाही.”

ज्ञानूने हे ऐकलं मात्र, त्याने लगेच जाहीर केलं की मांडव गिरणीतच घालू. पाट इंजिनाशेजारी, भटजी पोत्यावर आणि मंगलाष्टकं लाऊडस्पीकरवर. “आन्‌ माझ्या शालूवर कोंडा!” असं शेफाली अशी काही किंचाळली, की ज्ञानू दोन दिवस तिच्या समोर आला नाही.

उपाय सापडला तो असा. एका संध्याकाळी गोरख पलंगावर पाय पसरून बसला होता आणि आम्ही बायका पापड लाटत होतो. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, शेतीचा कार्यक्रम संपला, तरी हा उठेना. त्याची बायको, बाळाबाई, घाबरून म्हणाली, “अवं, बरं हाय ना तुमाला?”

“लई बरं हाय,” गोरख डोळे मिटून म्हणाला.

तेवढ्यात शेफाली आपला मोबाईल शोधत आली. मोबाईल गोरखच्या पोटरीखाली निघाला, आवाज बंद, थरथर चालू. दुपारी ती सार्थकशी भांडली होती, म्हणून फोन उचलत नव्हती. आणि तो पठ्ठ्या मनधरणीसाठी फोनवर फोन करत होता. इकडे ती फुगलेली, तिकडे तो घायकुतीला आलेला, आणि मध्ये सासऱ्याच्या पायाची आयती सेवा! जावई असावा तर असा.

मग आमच्या घरात रोज संध्याकाळी कन्यादानाची तालीम सुरू झाली. फोन सारखा थरथरवणारं एक ॲपसुद्धा शेफालीने शोधलं, पण पोटरीला बांधलं की ते मध्येच बंद पडायचं. शेवटी साधा मिस्ड कॉलच बरा ठरला. घरातले दोन जुने मोबाईल दोन पोटऱ्यांना क्रेप बँडेजने बांधायचे, वर धोतर. उजव्या पायाला फोन लावायचा मी, डाव्याला ज्ञानूने. गोरख पाटावर, शेजारी बाळाबाई पाण्याची झारी घेऊन, आणि आम्ही दोघं मागे उभे राहून सारखे नंबर दाबतोय. उजवा चुकून थांबला की गोरख ओरडायचा, “आक्का, उजवा!” कधी तो पूर्ण वेळ बसायचा, कधी मध्येच उठायचा. पण आता चुलत्याचं नाव कुणी काढत नव्हतं. कामथडीला मी कळवून टाकलं की बापच बसेल. आबांनी पलीकडून नुसतं “बघू” म्हटलं.

लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे नेमकं गोरखच्या पायांच्याच मुहूर्तावर. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि भटजींनी कन्यादानाला बोलावलं. दिवसभर उपाशी असलेला गोरख पाटावर बसला. त्याने ओंजळ पुढे केली, शेफालीचा हात आला, सार्थकचा आला, बाळाबाईने पाण्याची धार धरली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर चिमाजीआबा काठीवर हनुवटी टेकवून गोरखच्या गुडघ्यांकडे टक लावून बसलेले.

मी उजवा पाय लावला. ज्ञानूने डावा. सगळं छान चाललेलं, आणि माझा फोन मेला. सकाळपासून रुखवताचे फोटो काढत हिंडले होते ना मी! चकलीच्या देवळाचेच वीस काढले होते. बटण दाबते, हलवते, पण काळा पडलेला फोन उजळेना. तिकडे गोरखच्या उजव्या पायाचा अंगठा वळायला लागला. गुडघा धोतराखाली वर आला, खाली गेला, पुन्हा वर. भटजींचं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. शेफालीने बापाकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

“काय झालं, बाई?” आबांनी विचारलं.

आता लपवून काय उपयोग? मी त्यांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, लोह, गिरणी, पोटरीचा मोबाईल. “आबा, तो बसायला जीव टाकतोय हो. पाय बसू देत न्हाईत त्याला.”

आबा गोरखकडे बघत राहिले. पाटावरचा माणूस घामाने निथळत होता, दात आवळले होते, पण ओंजळ तसूभर हलली नव्हती. आबांनी कोपरीच्या आतल्या खिशातून बटणांचा फोन काढला.

“लंबर सांगा.”

मला तो तोंडपाठच होता. आबांनी एकेक बटण मोठ्या जोराने दाबलं आणि सवयीने फोन कानाला लावला. गोरखचा गुडघा हळूच खाली बसला. त्याने सुस्कारा टाकला. रिंग संपली की आबा पुन्हा दाबायचे, पुन्हा कानाला. मागून कुणीतरी विचारलं, “आबा, ऐन कन्यादानात कुणाला फोन?”

“व्याह्याच्या पायाला,” आबा म्हणाले. “गप बसा.”

कन्यादान झालं. भटजी म्हणाले, “उठा आता.” गोरख म्हणाला, “जरा बसतो.” मी वळून पाहिलं तर आबा अजून बटण दाबतच होते. मला हसू आवरेना आणि रडूही.

पाठवणीच्या वेळी शेफालीने माझ्या गळ्यात पडून कानात सांगितलं, “आत्या, आता दोन्ही पाय माझे.” तेव्हापासून रोज दिवेलागणीला कामथडीहून फोन येतो. गोरख तो उचलत नाही. पोटरीला बांधून बसतो.

पाऊस सरला, भातं कापणीला आली, गोळ्यांनी आपलं काम केलं. गोरख आता जेवणातून उठत नाही. न्हाव्याला पहिल्यांदा सबंध डोकं एका दमात मिळालं. परवा संध्याकाळी मी उत्रोलीला गेले तर हा ओट्यावर बसून बँडेज गुंडाळत होता.

“अरे, पाय बरे झाले ना तुझे? मग हे कशाला?”

“तिला सांगितलं न्हाई म्या अजून.”

“का?”

“पाय बरं झालं म्हटलं, तर कशाला करंल ती रोज?”

“मग उचल की. बोल तिच्याशी.”

“बोलती की सकाळी तिच्या आयशी. माझं काय बोलनं असतंय?” त्याने धोतर सारखं केलं. “ही आमची येळ हाय, आक्का.”

तेवढ्यात पोटरीवरचा फोन थरथरला. गोरखने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. रिंग संपली, पुन्हा आली, पुन्हा संपली. बाळाबाईने आतून जेवायला हाक मारली, तरी तो उठला नाही.