भावाला वगळू नकोस

जुन्या विलायती प्रेमकादंबऱ्या लग्नाशी संपतात. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला, सईला, ते मान्य नाही. खिडकीत बसून ती तसलीच एक गोष्ट वहीत नव्यानं लिहीत होती. नाचाच्या समारंभात नवरी मरून पडते आणि तिची धाकटी बहीण खुनी शोधते.

"चांगलं लग्न मोडलंस की गं!" माझी आई म्हणाली.

"आजी, तिला ते नकोच होतं."

"मग खुनी कोण?" मी हसत विचारलं.

"नवरा. पण नवरीचा भाऊही गुन्हेगार. तिनं त्याला सांगितलं होतं, तरी तो गप्प बसला."

माझं हसू मावळलं. कित्येक वर्षांपूर्वी, बघण्याच्या दिवशी, पोह्यांच्या बश्या भरताना माझी बहीण कुजबुजली होती, "दादा, मला नको हे स्थळ." मी बाहेर जाऊन पाहुण्यांना होकार दिला. ती सुखरूप आहे, पण त्यानंतर तिनं मला मनातलं कधी काही सांगितलं नाही. कुठल्याच कादंबरीत हे येत नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. "सई, भावाला वगळ गं."

"नाही आई," मी म्हणालो. "एकही शब्द बदलायचा नाही. सई, शेवटच्या पानावर त्याला सगळ्यांसमोर उभा कर, आणि बोलायला लाव."