खळमावशीचा कोट

बंदर कार्यालयात तिला सगळे खळमावशी म्हणत, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नसे. सरकारी नोटिसा बजावणं हे तिचं काम. एकोणतीस वर्षं ती लोकांच्या दारात त्यांना नको असलेले कागद घेऊन उभी राहिली. दार उघडलं तर कागद हातात, नाही उघडलं तर दारावर. कार्यालयातून मिळणाऱ्या डिंकाच्या बाटलीला ती हिंग लावून विचारत नसे. रोज सकाळी चहाच्या शेगडीवर पिठाची खळ शिजवायची, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं आणि डबा घट्ट बंद करायचा. तिनं डकवलेला कागद काढायला लोकांना दाराचा रंग खरवडावा लागे. हे सांगताना मावशीचा चेहरा असा खुलायचा, की घरात कुणाचा पहिला नंबर आलाय असं वाटावं.

निवृत्तीला सतरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. खाडीच्या तोंडाशी पाच दिवस एक जहाज नांगर टाकून उभं होतं. त्याच्या कुशीला तडा गेला होता आणि तेलाच्या टाकीतून तेल झिरपत होतं. जवळच शिंपल्यांची शेतं होती. मावशीची थोरली बहीण तिथल्या शेडमध्ये शिंपले निवडायची. दोघी एकाच घरात राहत, त्यामुळे टोपलीला येणारा तेलाचा वास मावशीला कुणी अहवालातून कळवायची गरज नव्हती.

सरकारनं आदेश काढला. टाकी रिकामी होईपर्यंत जहाजानं जागचं हलायचं नाही. हललं तर सरकार स्वतः त्याचा ताबा घेईल. आदेश कडक होता, पण त्याला जोर यायचा तो कागद बजावल्या क्षणापासून. त्याआधी जहाज निघून गेलं, तर सरकारनं बसावं हात चोळत. आणि तसल्या कुशीनं ते बाहेरच्या लाटांत शिरलं असतं, तर सगळी टाकी खाडीच्या तोंडावर फुटली असती. भरती आली की जहाज निघणार होतं, आणि भरती तीन वाजून दहा मिनिटांनी होती.

हेडक्लार्ककडे पाकीट बारालाच तयार होतं. त्यानं ते मावशीच्या हातात ठेवलं दीड वाजता.

"सावकाश जा मावशी. आधी निवांत जेवून घ्या."

"भरती तीनला आहे, साहेब."

"असेल. वरून फोन आला होता. कंपनी मोठी आहे हो. तुमचे सतरा दिवस राहिलेत, कशाला विकतचं दुखणं घेता?"

"फोनवर जे बोलले ते लिहून देतील का?"

हेडक्लार्क खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग माझ्याकडे लिहिलेलं आहे तेच मी पोचवते," म्हणून तिनं डबा उचलला, खाकी कोट अंगात घातला आणि निघाली. जेवण राहिलं ते राहिलंच.

तिला जहाजाकडे नेणारी बंदराची लाँच चालवणारा सारंग भिडस्त माणूस. जहाजाजवळ जाताच वरून शिडी ओढून घेतली गेली, तेव्हा तो म्हणाला, "झालं. चला परत."

मावशीनं वर हाक मारली. कठड्यावरून एक अधिकारी डोकावला.

"कप्तान झोपलेत."

"झोपू द्या. मी कागद उशाशी ठेवते."

"शिडी बिघडली आहे."

"आत्ता वर जाताना तर बरी होती."

अधिकारी आत गेला. आणि मग नांगराची साखळी खडखडू लागली. सारंगाची पाचावर धारण बसली. मावशीला मात्र राग आला, खराखुरा, तळपायापासूनचा. एकोणतीस वर्षांत लोकांनी तिच्या तोंडावर दारं आपटली होती, पण दारच घेऊन कुणी पळालं नव्हतं.

नियम तिला पाठ होता. कागद घ्यायला नकार दिला, तर तो जहाजाच्या ठळक भागावर डकवायचा. पलीकडून लाटा होत्या, लाँच टेकू शकेल अशी ही एकच बाजू. तिनं खळ फासली, पहिली प्रत लोखंडावर दाबली. प्रत घसरली आणि पाण्यात गेली. तळहात पाहिला तर काळा. तड्यातून ओघळलेलं तेल सगळ्या बाजूवर पसरलं होतं.

तिच्याकडे आता जहाजासाठी एकच प्रत उरली होती.

मावशीनं कोट काढला आणि जहाज पुसायला घेतलं. सारंगाला म्हणाली, "कंबर धर माझी, लाजू नकोस." लोखंडाचा रंग दिसेपर्यंत पुसलं, दुसरी प्रत डकवली, दोन्ही तळहातांनी दाबून धरली. मग कठड्यावर जमलेल्या खलाशांना ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत आदेश वाचला. कार्यालयाच्या प्रतीवर वेळ लिहिली, दोन बावन्न. साक्षीदार म्हणून सारंगानं सही केली. कप्तान झोपेतून उठला असावा, कारण थोड्या वेळानं साखळी थांबली.

दुसऱ्या दिवसापासून टाकी उपसायला सुरुवात झाली. इकडे स्टोअरकीपर मावशीच्या मागे लागला: निवृत्तीआधी कोट धुऊन जमा करा. मावशी म्हणाली, धुणार नाही. त्यानं सरकारी मालमत्तेचं नुकसान वगैरे सुनावलं. मावशीनं कोट घरी खुंटीला टांगून ठेवला. बहीण वासानं वैतागली, पण कोटाला तिनंही पाणी लावलं नाही.

आठव्या दिवशी सुनावणी लागली. टाकी अजून अर्धी भरलेली होती. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. या बाजूनं तेलाचा थेंबही गळलेला नाही. आणि समुद्रातल्या ओल्या लोखंडावर पिठाची खळ चिकटूच शकत नाही, म्हणजे नोटीस बजावलीच गेली नाही. सबब जहाज आजच सोडावं.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी मावशीला उभं केलं. वकील हसत म्हणाला, "खरं सांगा मावशी, कागद घसरला होता ना?"

हेडक्लार्कनं मान खाली घातली.

"घसरला होता," मावशी म्हणाली. "पहिला."

"मग संपलंच की."

"माझी खळ ओल्या लोखंडावर बसते. पावसात भिजलेल्या फाटकांवर बसवलेत मी कागद. ती बसत नाही फक्त तेलावर. म्हणून आधी तेल पुसलं, मग दुसरा लावला." तिनं पिशवीतून कोट काढून टेबलावर ठेवला. "हे तुमच्या जहाजाचं, याच बाजूचं. न धुता आणलंय."

खोलीभर वास पसरला. सुनावणीच्या बाईंनी उठून स्वतः खिडकी उघडली, आणि परत येऊन वकिलाला विचारलं, "तुमच्या दोन वाक्यांपैकी कुठलं मागे घेताय?" वकिलानं शेवटी दोन्ही मागे घेतली. आदेश कायम झाला, आणि कोट पुरावा म्हणून सीलबंद झाला.

निवृत्तीच्या दिवशी स्टोअरकीपर वही घेऊन आलाच. सगळं जमा होतं, कोटाचा रकाना तेवढा रिकामा होता.

"कोट कपाटात आहे, सीलमध्ये," मावशी म्हणाली. "टाकी रिकामी होईपर्यंत जागचा हलवायचा नाही. घाई असेल तर वरून फोन करून बघा."

मग तिनं खळीचा डबा काखोटीला मारला, कारण तो तिचा स्वतःचा होता, आणि ती घरी गेली.