शेजारचं रोमा बिऱ्हाड

कुवेतमध्ये, मंगफमधल्या आमच्या मजल्यावर दोनच फ्लॅट. एकात आम्ही तिघं: मी, नवरा आणि इथेच जन्मलेली मुलगी. समोरच्या फ्लॅटमध्ये काही वर्षांपूर्वी उत्तर मॅसेडोनियाहून एक कुटुंब राहायला आलं. नवरा तेल प्रकल्पावर वेल्डिंग तपासणारा, बायको साधारण माझ्या वयाची, आणि सत्तरी ओलांडलेली सासू.

ते आले त्याच दुपारी भिंतीत खिळे ठोकायला लागले. संध्याकाळी शेजारणीने मला आत बोलावलं, तोवर पडदे लागले होते, फोटो टांगून झाले होते, स्वयंपाकघरात मिरच्या भाजल्याचा वास होता. आम्हाला तेव्हा मंगफमध्ये अकरा वर्षं झाली होती आणि आमच्या भिंती कोऱ्या होत्या. "परत जायचंच आहे" म्हणत मी लग्नातला चहाचा सेटसुद्धा खोक्यातून काढला नव्हता. तिचा पहिला हेवा मला वाटला तो त्या पडद्यांपाशी.

"हे आमचं सातवं घर," ती म्हणाली. "आम्ही रोमा."

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे जिप्सी. जरा जपून हं." मला राग आला.

सासूला इंग्रजी येत नव्हतं. माझी मुलगी शाळेतून आली की तिच्याकडे जायची. म्हातारी बोट दाखवून त्यांच्या रोमानी भाषेतले, शेकडो वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून सोबत गेलेले शब्द सांगायची: नाकाला नाख, कानाला कान, दिवसाला दिवेस, गावाला तर चक्क गाव. मुलीला केवढी मौज वाटायची! मी "पाणी दे गं" म्हटलं की जी "वन मिनिट, आई" म्हणायची, ती समोरच्या घरात "पानी, पानी" करत म्हातारीला पेला भरून द्यायची. मी दारात उभी राहून ते बघायची. छातीत काहीतरी कडू कडू साचत जायचं.

एकदा न राहवून मी शेजारणीला म्हटलं, "तुमचं बरं आहे बाई. मनात आलं की निघायचं."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"मनात आलं की?" ती म्हणाली. "आमचे बहुतेक लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतात. सासूचे वडील कल्हई करायचे, म्हणून ते गाडी घेऊन फिरायचे. गावकरी गावाबाहेर दोन दिवस राहू द्यायचे, भांडी चकचकीत करून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी हाकलायला पोलीस. म्हणून पोचलं की लगेच घर लावायचं, हे ती शिकली. दोनच दिवस मिळाले तरी ते घरात राहिल्यासारखे जावेत."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्यातही हेवा होता: हिला दोन दिवसांचं घर करता येतं, मला अकरा वर्षांत जमलं नाही.

शुक्रवारी, इथल्या सुटीच्या दिवशी, त्यांच्याकडे कुवेतमधल्याच खैतानहून नातेवाईक यायचे. जिन्यापर्यंत चपला, गाणी, हसणं. एका शुक्रवारी मी मुलीला जेवायला हाक मारायला गेले. ती म्हातारीच्या पुढ्यात बसली होती, म्हातारी तिच्या दोन वेण्या घालत होती. घरी ती मला केसांना हात लावू देत नसे. मी हाक न मारताच खाली उतरले आणि आमच्या हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, सांगितलं की समोरच्यांच्या गोंगाटाचा फार त्रास होतो.

चार दिवसांनी शेजारीण मालकाची नोटीस घेऊन माझ्याकडेच आली. "तुला अरबी वाचता येतं. काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल, असं होतं. तिने कागदाची नीट घडी घातली, आभार मानले आणि गेली.  दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर मी शेजारणीचं दार वाजवलं.

"तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. हारिसने तेव्हाच सांगितलं."

"मग काल माझ्याकडे का आलीस?"

"तू सांगतेस का, ते बघायला." ती बाजूला सरकली, मला आत घेतलं. "प्रत्येक घरात कोणीतरी करतंच. बहुतेक पहिल्याच आठवड्यात. तू आठ महिने थांबलीस."

मी रडायला लागले. मुलगी त्यांच्याकडे रमते याचा हेवा वाटला, तेही सगळं सांगून टाकलं. मग मी हारिसकडे जाऊन तक्रार मागे घेतली, आणि पुढच्या शुक्रवारपासून पुरणपोळ्या घेऊन मीही त्यांच्यात बसू लागले. सासूने मलाही शब्द शिकवले. माझ्या लक्षात राहत नसत. मुलगी मला दुरुस्त करायची.

वर्षभराने त्यांचं कंत्राट संपलं. पुढचं काम कझाकस्तानात होतं. दोन दिवसांत घर आवरलं. मी विचारलं, "आता सवय झाली असेल ना निघण्याची?"

"नाही गं," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी रडते." आणि खरंच, खोक्यावर बसून रडली. मुलगी तिच्या गळ्यात पडली. मी बाजूला उभी.

अजून दर शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. माझ्याशी दोन वाक्यं होतात. मग मुलगी फोन घेऊन तिच्या खोलीत जाते, दार लावून घेते. आतून म्हातारीचा आवाज, मग दोघींचं हसणं. काहीतरी काम काढून मी त्या दाराशी घुटमळत राहते.