डीएनएचा दुसरा धागा

मास्तराची फजिती एकदा झाली की संपत नाही. ती स्टाफरूममध्ये चहाबरोबर फिरते, एसटी स्टँडवर पोचते आणि आपल्या आधी घरी जाऊन बसते! ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो, निदान माझी तशी समजूत होती. नोकरी टेंपररी. जूनमध्ये नवी ऑर्डर निघेल की नाही, या काळजीने मे महिन्यात आंबासुद्धा गोड लागत नसे. अशा माणसाने पुस्तकातलं वाचून दाखवावं आणि गप्प बसावं. पण मला डीएनए फार आवडायचा.

*

डीएनएचे धागे दोन. पेशीचे दोन भाग होण्याआधी दोन्ही धाग्यांची नक्कल होते. नक्कल करणारं मशीन एकाच दिशेने काम करतं आणि धागे मात्र परस्परांच्या उलट. म्हणून एकाची नक्कल सलग होते, दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. हे मी रंगीत खडूंनी फळ्यावर काढलं आणि स्वतःच्या चित्रावर खूश होऊन वळलो.

पूर्णगडचा मयेकर उभा राहिला. "सर, येक सरळ चाललाय, दुसरा उलटा. मग दोघांचं काम येकदम कसं पुरं होतं?"

मला येत नव्हतं. मी ऐटीत म्हणालो, "ते पुढच्या वर्षी आहे."

"गेल्या वर्षी पन तुमी ह्येच बोललात सर. मी त्यासाठीच नापास झालो!"

*

मग मी प्रात्यक्षिकाचं मनावर घेतलं. घरमालकीण काकूंच्या विहिरीचा सुंभाचा दोर वर्गात नेला आणि पीळ उलगडून दोन धागे वेगळे करून दाखवले. मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दोर पुन्हा पिळून जागेवर बांधला. पेशीला जमतं, मला न जमायला काय झालं?

सकाळी काकूंची कळशी विहिरीच्या तळाशी!

"काकू, पेशीत हे काम एन्झाइम करतात," मी समजावू लागलो.

"तुमची पेशी गेली खड्ड्यात! आधी माझी कळशी काढा!"

गळ टाकून ती काढेपर्यंत माझं पहिलं लेक्चर बुडालं.

*

पुढे मुंबईच्या मित्राने एका लेखाची झेरॉक्स पाठवली. मयेकरच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं! दोन्ही मशीनं एकमेकांना जोडलेली असतात आणि बरोबरच पुढे जातात. उलटा धागाच वळसा घेऊन त्यांच्या दिशेला येतो. एक तुकडा झाला की वळसा सुटतो, नवा पडतो.

मला इतका आनंद झाला की राजापूरच्या एसटीत शेजारच्या गृहस्थांना मी रुमालाचा वळसा करून सगळं दाखवलं. ते शेवटपर्यंत मान डोलावत होते. उतरताना म्हणाले, "मशीन चांगलं दिसतंय हो. पण आमच्या मंडळींकडे जुनं आहे, शिलाई बरी पडते त्याची."

*

त्याच वर्षी विद्यापीठाची कमिटी आली. तिचं मत चांगलं पडलं तर तुम्हाला कायम करू, असं प्राचार्य म्हणाले होते. संगमेश्वरला आई माझ्या लग्नाच्या बोलणीत 'मुलगा प्रोफेसर आहे' एवढंच सांगून पुढचा शब्द गिळायची. मला ही नोकरी हवी होती, अगदी जिवापाड हवी होती.

मैदानावर मी मुलांचे दोन धागे उभे केले. मयेकर आणि साळवी ही दोन मशीनं, कमरेला एकच उपरणं बांधलेलं. दोघं पुढे निघाले की धाग्यातल्या प्रत्येक जुन्या मुलासमोर एक नवा मुलगा येऊन उभा राहायचा. साळवीच्या बाजूला नव्यांची सलग रांग झाली. मयेकरच्या बाजूच्या रांगेने सुरेख वळसा घेतला आणि तिथे नव्या मुलांचे घोळके तयार झाले. घोळक्या-घोळक्यांमधले हात एकमेकांत गुंफून रांग सलग करण्याचं काम मी स्वतःकडे ठेवलं होतं.

पण मी अध्यक्षांना समजावण्यात इतका रंगलो की ते पार विसरलो. मुलं उन्हात तशीच तुटक उभी!

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "सगळं उत्तम. पण हे तुकडे असेच राहिलेत. ते जोडतं कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मयेकर ओरडला, "आमचे सर जोडतात, सर! पन ते अजून टेंपररी आहेत!"